उन्हात पिकणारा अकीक

वैशाखाचं कोवळं ऊन तिच्या सुरकुतल्या तळहातावर पाण्यासारखं साचायचं. त्या सकाळीही साचलं. कलावतीनं, माझ्या बायकोनं, ओसरीच्या कट्ट्यावरची पितळी ताटली पुढं ओढली. मी तिचं अशक्त मनगट धरलं, आणि दोघांनी मिळून ताटलीतला अकीकाचा खडा उलटा केला, तव्यावरची भाकर उलटावी तसा. आमचं दोघांचं शेवटचं साधं काम ते.

बिलोलीकडच्या आमच्या रानात विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत हा खडा निघाला. वरून हिरवट कातडं, आत गोठलेला मध. नांदेडच्या सोनारानं घासून दिला, म्हणाला, यात लोखंडाचा अंश हाय, ऊन खाऊ द्या, लाल होईल. लाल झाला की अंगठीत बसवायचा, हे तिचं ठरलेलं. करडईचं फूल पिवळ्याचं केशरी व्हावं तसा तो उन्हाळ्या-उन्हाळ्यानं रंगत गेला. आणि या वर्षी ती मात्र पिवळी पडत गेली.

मला दम निघेना.

"सोनाराच्या भट्टीत घालून आणतो. लगेच लाल. अंगठी घालशील तरी."

"न्हाई. आगीत तडकला म्हंजे? ओ शिवाचे आप्पा, आंबा बी पाडाला लागायच्या आत खाता तुमी."

"आन् तू थांबली न्हाईस तर?"

हसता हसता तिला खोकला लागला. "मग तुमी उलटा की. हात मोडलेत का?"

मी तिला आत नेऊन निजवलं. आतून तिच्या श्वासाची घरघर येत होती आणि बाहेर मी खड्याकडं टक लावून बसलो होतो, आधी हा पिकतो का ती जाते. सूर्याला शिव्या घातल्या. तो आपल्याच चालीनं चालला.

त्याच दुपारी ती गेली. सांजेला आमच्या लिंगायत रीतीनं तिला मातीत बसवलं, हातात इष्टलिंग दिलं. तेव्हा शिवा म्हणाला, "आप्पा, अकीक बी ठेवू का? आईचाच हाय."

मी ताटली छातीशी धरली. "कच्चा हाय अजून."

मागून कुणीतरी पुटपुटलं, म्हाताऱ्याला लोभ सुटला. सुटू दे.

दुसऱ्या दिवशी ऊन ओसरीवर उतरायला लई वेळ लागला. माणूस जायला एक दुपार पुरली; रंगाला अजून उन्हाळे लागतील, आणि माझ्यापाशी किती उरलेत ते ठाऊक नाही. मी ताटली पुढं ओढली, आणि एका हातानं खडा उलटा केला.