पुसल्याबिगर सोडू नये

मनकर्णाबाईचा आवाज असा होता का तिनं अकोल्याच्या जुन्या शहरातून नवऱ्याले हाक मारली तं मोर्णा नदीपलीकडचे चार नवरे "आलो आलो" करत उठत. हे ती सोताच सांगे, अन् कोनी हसलं तं चाराचे सात करे.

पन टीव्हीवर तो आवाज एकदाच लागला. पस्तीस वर्षांआंधी अमरावतीच्या कमलाकांत वकिलानं 'पांदणीतलं भूत' नावाची तेरा भागांची मालिका काढली. मनकर्णाबाई त्यात भुतालेबी धाकात ठुवणारी सासू झाली. चेहरा तिचा, पन "मले-तुले टीव्हीवर चालत नाही" म्हनून वकिलानं पुण्याच्या एका बाईचा आवाज तिच्या तोंडात बसवला. सासू भुतावर चप्पल उगारे अन् तोंडातून निघे, "अहो, असं काय करता?" मनकर्णाबाईले महिनाभर जेवण गेलं नाई. तेराव्या भागाच्या टायमाले पुण्याची बाई तापानं पडली, तारीख तोंडावर आली, म्हनून तो एक भाग हिच्याच आवाजात लागला.

यंदा वकिलाले मालिका पुन्ना काढायचा झटका आला. डीव्हीडीच्या डिस्का विकणारी दुकानं बंद पडली, लावायची मशीनं भंगारात गेली. डिस्का छापणारा त्याच्या ओळखीचा एकच जन नागपुरात उरला होता, तोबी दिवाळीनंतर कारखाना मोडणार होता. त्याच्याआंधी दोनशे संच काढायचे अन् मंग सगळे भाग मोबाइलवर सोडायचे, असा वकिलाचा बेत. बारा भागांच्या टेपा त्याच्यापाशी होत्या. तेरावा भाग त्याच्या माळ्यावर उंदरांनी खाल्ला. आता त्याची एकच कॅसेट राह्यली होती, मनकर्णाबाईनं भावाच्या व्हीसीआरवर भरून लुगड्याच्या घडीत ठुवलेली.

वकील अकोल्याले आला. बाईनं त्याले पानीबी पुसलं नाई.

"कॅसेट द्या, मनकर्णाबाई. मालिकेचे हक्क माझ्याकडे आहेत."

"मंग हक्कच लावून पाहा न मशीनमंदी. चित्र दिसते का?"

"बुरशी लागून मरेल ती."

"मरू द्या. उंदराच्या पोटात जाण्यापरीस बरं."

"सगळे भाग सारखे वाटले पाहिजेत. त्या भागाचा आवाज जरा..."

"आवाजाले हात लावला तं हात इथंच ठुवून जा लागन."

वकील गेला. पन बुरशीची गोष्ट खरी होती. बाईनं कॅसेट उजेडात धरली तं आतल्या पट्टीवर पांढरी बुरशी चढली होती. आपुन गेलो का हे लुगड्यासंगं बोहारणीच्या टोपल्यात जाईन, अन् आपला आवाज जगात होता हे कोनाले सांगूनबी पटणार नाई. आठ दिवसांनी ती सोताच अमरावतीच्या एस्टीत बसली. कंडक्टरले सांगतलं, थैलीत भूत हाये. अख्खं बाकडं मिळालं.

टेपांचं काम वकिलाची पुतणी जुईली करे. जन्म पुण्याचा, बोलणं गोड.

"आजी, ही टेप एकदाच चालेल. नंतर तिच्यावरचा थरच निघून जाईल."

"मंग नीट आयक," बाई म्हणाली. पन पोरीवर भरवसा काहून ठुवा? तिनं चिठ्ठी लिवली अन् कॅसेटीले रबरानं बांधली: 'आवाज पुसल्याबिगर सोडू नये. मनकर्णा.'

पंधरवड्यानं फोन आला. "आजी, या बघायला. तुम्ही लिहिलं होतं तसंच केलंय."

बाई गेली. पडद्यावर एकोणचाळीस वर्षांची मनकर्णा कमरेवर हात ठुवून उभी होती. तोंड हालत होतं.

"आवाज वाढव, पोरी."

"आवाज नाहीये, आजी. पुसल्याशिवाय सोडू नका, असं तुम्हीच लिहिलं होतंत. म्हणून मी आवाजाची वायर लावलीच नाही."

बाई खुर्चीवरून उठली. "पुसणं म्हन्जे इचारणं, माय! मले इचारल्याबिगर सोडू नोको म्हनलं मी! तुमी फरशी पुसता, आमी मानसाले पुसतो!"

जुईलीचं तोंड उतरलं. "मला शंका आली होती, आजी. मी काकांना चिठ्ठी दाखवली. ते म्हणाले, बरोबर आहे, पूस."

दोघीनं वकिलाकडं पाह्यलं. कोपऱ्यात बसलेला वकील चष्मा पुसून राहिला होता.

"अर्थ दोन्ही निघतात," तो म्हणाला.

"तुहा जन्म चांदूर बाजारचा, कमल्या! तुह्या मायनं तुले 'जेवला का' म्हनून पुसलं, तवा काय फडकं घेतलं होतं हातात?"

"टेप परत लावून बघ," वकील पुतणीले म्हणाला. जुईलीनं कॅसेट उघडली. काळा भुगा टेबलावर सांडला.

"झालं ते झालं," वकील म्हणाला. "पुण्याहून एक बाई बोलावलीय, परवा..."

"नाही, काका." जुईलीनं कॉम्प्युटरातून पेनड्राइव्ह उपसला. "या भागाला आजींचाच आवाज लागेल, नाहीतर हा भाग तुम्हाला मिळणार नाही."

"तू माझी पुतणी आहेस का हिची?"

"तुमची आहे, म्हणून तोंडावर सांगतेय."

आवाज नव्यानं भराले काचेच्या खोलीत बाईच्या कानाले हेडफोन लावले. संवाद कोनालेच आठवत नोयते. जुईली चित्र हळू करे अन् बाई आपल्याच तोंडाकडं पाहून ओठावरून शब्द काढे. पहिलं वाक्य अकरा डाव केलं. पडद्यावरची बाई एका दमात बोलून जाय, अन् खुर्चीतलीले मधातच दम लागे. आवाज खरबडीत झाला होता. चार नवरे सोडा, शेजारची मांजर उठली नसती. हे बाईले समजलं. ती पानी प्याली अन् पुन्ना बसली.

"आवाज म्हातारा वाटतो," काचेबाहेरून वकील माइकात बोलला.

"तरणा होता तो तुमीच मारला."

शेवटच्या सीनमंदी सासू भुताले सोडून सरळ कॅमेऱ्याकडं पाहे अन् एक लांब वाक्य बोले. बाईनं ते तीन डाव पाह्यलं. ओठ कोठी मिटतात, कोठी उघडतात, मोजलं. मंग बोलली:

"भुता, तू बरा रे बापा! तुह्यापरीस अमरावतीचा वकील बेकार!"

ओठावर ओठ बसला.

वकिलानं काचेवर थाप मारली. "हे संवादात नव्हतंच!"

बाईनं एका कानावरचा हेडफोन सरकवला. "मंग काय होतं, वकीलसाहेब? ऐकवा न."

वकील पुन्ना चष्मा पुसाले लागला. जुईलीनं त्याच्याकडं पाह्यलं, जराशीक वाट पाह्यली, अन् वाक्य पक्कं केलं.