मंडळाचा एकुलता एक पेटा

मित्रांनो, मी एक जुना म्हैसूर पेटा, म्हणजे कर्नाटकी पगडी आहे. बंगळुरात कुणाचाही सत्कार म्हटला की शाल, फळांची टोपली आणि डोक्यावर जरीकाठी पेटा लागतोच. मी तयार पेटा, म्हणजे आत पुठ्ठा आणि वर रेशीम. माझं बालपण चिकपेटच्या एका दुकानात, प्लास्टिकच्या पिशवीत गेलं. ते फार सुखाचं होतं, कारण तेव्हा घाम काय असतो हे मला ठाऊक नव्हतं.

पुढे मारतहळ्ळीच्या मराठी मंडळानं मला विकत घेतलं. मंडळाचे अध्यक्ष फत्तेसिंगकाका. त्यांचं घराणं शेकडो वर्षांपासून इथलं, त्यामुळे ते वाक्य मराठीत सुरू करतात आणि कानडीत संपवतात. मंडळात पाहुणे पुष्कळ आणि पेटा मी एकटा. यावर काकांनी तोडगा काढला होता. मंचावर मला पाहुण्यांच्या डोक्यावर ठेवायचं, फोटो काढायचा, आणि पाहुणे आत गेले की कुणीतरी मागोमाग जाऊन नम्रपणे म्हणायचं, "घामानं डाग पडेल, धुवून पाठवतो." मला पाठवल्याचं कुणालाच आठवत नाही. धुतल्याचंही नाही.

अशा रीतीनं मी गवयांच्या, बासरीवाल्यांच्या आणि एकदा गडबडीत माइकवाल्याच्याही डोक्यावर बसलो. फोटोत मी नेहमी छान येतो. पण दहा मिनिटांत पुन्हा पिशवी. मोठमोठ्या कलावंतांची फक्त टाळूच मी जवळून पाहिली.

यंदा मंडळानं भीमाचार्यांचं गाणं ठेवलं. हे ऐकताच संयोगिता मंडळाची सभासद झाली. ती एचएसआर लेआउटात राहते आणि सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेते. घरी ती हार्मोनियम शिकते. खालच्या मजल्यावरच्यांनी हे शिक्षण कधी पूर्ण होणार, अशी चौकशीही केली आहे. तिला भीमाचार्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला भेटायचं होतं ते त्यांच्या साथीला बसणाऱ्या धारवाडच्या महानंदाअक्कांना. त्यांचं वादन ऐकून ऐकूनच ती शिकत होती. पण रंगमंचाच्या मागे कलावंत आणि चहा यांनाच प्रवेश होता. तिसरा प्रवेश पेटा परत आणणाऱ्याला. तिनं ते काम मागून घेतलं.

गाणं रंगलं. मी भीमाचार्यांच्या डोक्यावर चढलो. अक्कांच्या वाट्याला "आणि साथीदार" एवढे दोन शब्द आले.

संयोगिता आत आली तेव्हा आचार्य माझ्यासकट द्राक्षं खात होते. तिनं घामाचं वाक्य म्हटलं. आचार्य म्हणाले, मला घामच येत नाही. असं उत्तर देणारा पाहुणा मंडळाच्या इतिहासात झाला नव्हता.

कोपऱ्यात अक्का हार्मोनियम कापडात गुंडाळत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "आचार्य, द्या हो तिला. मागच्या गावी तर तुम्ही मंडळाची समईच उचलून आणलीत."

आचार्यांनी मला काढून दिलं आणि उरलेली द्राक्षं रागानं खाल्ली.

आता मी हातात आणि समोर अक्का. संयोगिता घरी पाठ केलेलं सगळं विसरली होती. शेवटी ती म्हणाली, "अक्का, दुसऱ्या पदात आचार्य ओळ विसरले. तेव्हा तुम्ही ती वाजवून दाखवलीत."

अक्कांचे हात थांबले. "कळलं तुला?"

"हो."

"स्वल्प हळू बोल. त्यांना अजून कळलेलं नाही."

मग अक्का हसल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं बाजूला बसते, बाजूला कोण बघतं.

यावर संयोगितानं कामात न सांगितलेली गोष्ट केली. तिनं मला अक्कांच्या डोक्यावर ठेवलं. मला अंबाड्याचा अनुभव नव्हता. मी डाव्या कानावर कललो.

अक्कांनी मला हातानं चाचपून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "कसा दिसतो?"

"सरळ नाही," संयोगिता म्हणाली. चुका शोधायची सवय. "पण काढू नका."

इतक्यात दाराबाहेरून काकांनी मी मिळालो का, म्हणून कानडीत हाक मारली. घामाचं वाक्य तिला पाठ होतं. ते म्हटलं असतं, तर मी पिशवीत आणि तिचं नाव मंडळात राहिलं असतं.

"नाही काका," ती म्हणाली. "देऊन टाकला."

काका आत आले. त्यांनी मला पाहिलं, अक्कांना पाहिलं, आणि आधी अक्कांना हात जोडले. मग संयोगिताला बाजूला घेऊन कुजबुजले, "रविवारी एक कवी येतायत. त्यांच्या डोक्यावर काय ठेवू?"

"हात ठेवा, काका."

काकांनी खरोखर विचार केला. "सरी," ते म्हणाले, म्हणजे कानडीत ठीक आहे.

निघताना अक्कांनी संयोगिताला धारवाडला यायला सांगितलं, हार्मोनियम घेऊन. ती आता महिन्यातून एकदा येते. तिच्या खालच्या मजल्यावरचे तिला स्टेशनवर सोडायला जातात.

मी अक्कांच्या कपाटावर असतो. त्या मला मऊ फडक्यानं पुसतात आणि कधीकधी दार लावून रियाजाला घालतात.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आम्हा पेट्यांना ओलीपासून जपा. आत कागदाचा बोळा ठेवा, म्हणजे आकार राहतो. आणि एखाद्याच्या डोक्यावर आम्हाला ठेवलंत, तर लगेच हात पुढे करू नका. त्या माणसाला आधी घरी जाऊन आरशासमोर उभं राहू द्या.