मागच्या खोलीचा रंग

माझा धाकटा भाऊ रंगारी. एक पिशवी आणि ब्रशांचं गाठोडं एवढाच त्याचा संसार. नव्या इमारतींमधली रिकामी घरं रंगवायची, काम होईपर्यंत तिथेच झोपायचं आणि मालक सामान घेऊन आले की पुढच्या घरात जायचं. रंगाऱ्यांची ती रीतच होती. कंत्राटदाराला फुकटचा राखणदार मिळायचा आणि याला छप्पर. आमचे हे त्याला जहागीरदार म्हणतात. तोही मिशीतल्या मिशीत हसून सांगायचा, "सध्या नदीकडे तोंड असलेलं घर आहे, भावोजी. ज्याने विकत घेतलंय त्याने अजून धड पाहिलंही नाही, आणि वारा मी खातोय."

मला त्याचा हेवा वाटायचा, स्पष्टच सांगते. मी लोकांचे कपडे उसवून-शिवून मापाचे करून देते. पुढची खोली परक्यांच्या पँटींनी भरलेली, आणि उरलेल्या घरात आमच्या वस्तू, मोडक्या इस्त्रीपासून लेकीच्या लहानपणच्या सायकलपर्यंत. काही म्हणून टाकवत नाही. हा मात्र पिशवी उचलली की मोकळा. एकदा मी म्हटलं, मागची खोली रिकामी करते, राहा इथेच. तर म्हणाला, "घर म्हणजे गळ्यातलं लोढणं, ताई," आणि पुढे वर्षभर फिरकला नाही. तेव्हापासून मी त्या विषयावर जीभ आवरली. जीभ आवरायची मला सवय नाही, त्यामुळे फार जड गेलं.

आणि एका सकाळी हे महाशय पिशवी घेऊन दारात हजर. "तुझ्या घराची अगदी रया गेलीय. रंगवून देतो."

आठवड्याभराचं काम. पण हा स्वयंपाकघराची एकच भिंत घासत बसला. भेगांमध्ये लांबी भरली, वाळली, घासली, पुन्हा भरली. सगळं सामान खोल्यांच्या मधोमध चादरींखाली, आणि आमचे हे फ्रिज आणि ट्रंक यांच्या फटीत स्टूल टाकून पेपर वाचतायत. भाऊ आमच्याआधी उठून अंथरुणाची घडी करून ठेवायचा. चहा पिऊन झाला की लगेच कप विसळून पालथा. पंखा लावू का, असंही विचारायचा. "विचारतोस काय, लाव की!" म्हणून मी खेकसायचे, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग नव्या इमारतींवरचा पहारेकरी आपला गणवेश कमरेत सैल करून घ्यायला आला. मी माप घेता घेता सहज म्हटलं, "आमचा भाऊ तुमच्याकडेच असतो, रंगाच्या कामावर."

"असायचे. आता संध्याकाळी सगळी घरं बंद करून किल्ल्या आमच्याकडे देतात. रात्री कुणालाच राहू देत नाहीत. बरेच महिने झाले की."

मी तीच कंबर पुन्हा मोजली. इतके महिने हा झोपत कुठे होता?

ह्यांना मागच्या अंगणात नेऊन सांगितलं. हे म्हणाले, "मग सांग त्याला राहा म्हणून."

"सांगितलं की पळेल. मागे काय झालं विसरलात? त्याला फक्त काम चालू असलेल्या घरात राहता येतं."

"मग?"

"मग काम संपू द्यायचं नाही."

हे हसले. "खुसपट काढायला तुला काही शिकवायला नको."

त्या दिवसापासून मी कंबर कसली. बैठकीची भिंत फार पिवळी दिसते. छताला ब्रशचे ओघळ दिसतात. खिडकीच्या गजांना अजून एक हात हवा. मी काहीही बोलले तरी तो मान खाली घालून म्हणायचा, "बरं ताई. बदलतो." त्या 'बरं ताई'ची मला चीड येऊ लागली. लहानपणी माझ्या वेण्या ओढणारा हा पोरगा, आणि आता मी कितीही डिवचलं तरी बरं ताई!

शेवटी मागची खोली राहिली. भिंती झाल्या. दाराच्या कडी-मुठी काढून त्याने निळसर राखाडी ऑइलपेंटचा शेवटचा हात दिला. दार असं देखणं दिसत होतं की मला दृष्ट काढावीशी वाटली. मी नाक मुरडलं.

"हा रंग नको. खरवडून टाक, दुसरा लाव."

त्याने ब्रश डब्यात आपटला.

"नाही लावणार! चांगला आहे रंग! तुला काही कळत नाही रंगातलं! आणि कळलं तरी नावं ठेवशील. लहानपणापासून तुझं हेच, मी केलेलं काही म्हणजे काही चांगलं दिसत नाही तुला!"

तो खोलीत गेला आणि आतून दार धाडकन लोटून घेतलं.

आम्ही दोघं थिजलो. ओल्या रंगाचं दार लावायचं नसतं, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगतो. आज रागात स्वतःच विसरला. दुपारभर आत फुरंगटून बसला. मी मात्र बाहेर बसून सुकत होते. आता बाहेर येईल, पिशवी उचलेल आणि चालू लागेल. पिशवी कोपऱ्यात होती. ती लपवावी असंही मनात येऊन गेलं.

ऊन कललं तशा आतून थापा पडल्या.

"ताई."

"काय रे?"

"दार चिकटलं. ओढायला मूठ पण नाही."

ह्यांना हसू आवरेना. रंग खरवडायची पट्टी घेऊन ते पुढे झाले, पण मी त्यांचा हात धरला.

"आधी बोल. इतके महिने झोपत कुठे होतास?"

मग म्हणाला, "रंगाच्या गोदामात. तिथून काढलं की बसस्थानकावर."

"आणि वर तोरा, मी मोकळा म्हणून!"

"होतोच मोकळा. ते खोटं नव्हतं, ताई. मनात आलं की चाललो, कुणाला सांगायला नको. पण कायम दुसऱ्याच्या घरात. भिंतीला टेकायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, आवाज चढवायचा नाही. कुणी काहीही बोललं तरी बरं साहेब. आज किती वर्षांनी ओरडलो, कुणास ठाऊक."

"कसं वाटलं?"

"बरं वाटलं."

मी तिथेच जमिनीवर बसले. डोळ्यांना धार लागली, आणि इतक्या दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

"मग रोज ओरड," मी म्हटलं. "पण इथे राहून."

या वेळी तो पळेल अशी मला भीती वाटली नाही.

"राहतो," तो म्हणाला. "पण रंग हाच राहणार."

"राहू दे. पहिल्यापासून आवडलाय मला मेला."

"मग इतके दिवस मला... ताई!"

तोवर ह्यांनी दाराच्या फटीत पट्टी घातली होती. रंगाची लांबच लांब साल निघाली.

"भावोजी, वाकडी काय धरताय पट्टी? खालून घ्या, खालून! सगळी कड बिघडवाल! कळत नाही तर हात कशाला लावता?"

आमच्या घरात ह्यांच्यावर एवढ्या मोठ्याने आजवर मी सोडून कुणी ओरडलं नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, गालातल्या गालात हसले आणि मुद्दाम वरूनच खरवडत राहिले.