संभाजीभावजींचा टॅक्टर आन माझा वाळा

माझ्या दोनी डोळ्यांची शप्पथ! आन आवंदा मोतीबिंदूचं आपरेशन झालंय, मंजी डोळं बी साधं न्हायत, नवं हायत. सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा हाय. ज्याला खोटं वाटंल त्यानं सांगवीला यावं, बांध दाखवते, वर च्या पाजते.

आमच्या रानाला लागून संभाजीभावजींचं रान. भावजी मंजी माझं चुलत दीर. माणूस गोड, पन नांगर हातात आला की बांध कोरायची खोड. एकदम खायाचं न्हाईत, दर साली वीतभर. सासऱ्यांच्या टायमाला त्या बांधावरनं बैलगाडी जायाची. पाच वर्सांमागं मी वैरणीचा भारा घिऊन निघाले, तर पावलाम्होरं पाऊल टाकत जावं लागलं.

म्हनलं, "भावजी, बांध लई वाळलाय. उपासतापास करतोय का काय?"

"वैनी, बांध काय मी खिशात घातला व्हय?"

"खिशात न्हाय, उसात घातला."

ते हसलं आन दुसऱ्या साली परत वीतभर आत आलं. कोर्टकचेरी करायला माझ्याकडं ना दात, ना दम. आन बांध गेला मंजी मला माझ्याच उसाकडं जायाला वाट उरंना. म्हनून डोकं चालवलं. माझी भन विजयमाला इंदापूरकडं दिलीय, भीमेच्या काठाला. तिच्याकडनं वाळ्याचं ठोंब आनलं. माठात सुवासाला मुळ्या टाकतो ना आपन, तो वाळा. भावजींना अडवायचं म्हनूनच ठरवून बांधाच्या कडंनं ओळीनं लावला.

गेल्या चैत्रात भावजी नवाकोरा टॅक्टर घिऊन नांगरायला आलं. सवयीनं फाळ बांधात घातला, आन टॅक्टर जागच्या जागी घुरघुराय लागला. चाकं गरागरा फिरायली, पन नांगर हलंना. भावजी खाली उतरलं. बघत्यात तर फाळाम्होरं गवताचं एक बेट.

"वैनी, हे काय लावलंय? कांद्यावानी उपटून टाकतो!"

"उपटा. उपटलं तर बांध तुमचा. न्हाय उपटलं, तर सासऱ्यांच्या टायमाचा बांध परत घालून द्यायचा. हाय कबूल?"

"कबूल!"

बेटाला साखळी गुंडाळली. टॅक्टरनं वढ घेतली. साखळी ताठ झाली, आन म्होरली दोनी चाकं भुईवरनं अशी वर आली, घोडं बुजल्यागत! भावजी वरनं आरडायलं, "आगं आई गं!" पाती तुटली, धूर निघाला, पन बेट जाग्यावर.

पन गडी मानतोय का? "वैनी, तुमी खाली धोंडा पुरलाय."

"मग खांदून बघा की."

त्यांनी त्यांच्या बाजूनं खड्डा घेतला. माझी नात राजलक्ष्मी बारामतीला शेतीचं शिकती, तिनं मोटारीचा पाईप आनून माती धुवायला सुरवात केली. गुडघाभर गेलं, मुळ्या. कंबरंएवढं गेलं, मुळ्या. काळी माती सरली, मुरूम लागला. त्या मुरमात टिकाव मारला की ठिणगी उडायची, आन त्यात बी मुळ्या घुसलेल्या! भावजींची टोपी खड्ड्याच्या काठाखाली गेली तरी खालनं आवाज यायचा, "हायेत अजून."

मग मी वाकून बघितलं. काय सांगू! पाणी पडंल तशी माती गळत व्हती आन मागं केसावानी बारीक, पिवळ्या मुळ्यांचा पडदाच्या पडदा लोंबत व्हता. हजार का लाख, कोन मोजनार! ढेकूळ न् ढेकूळ कवळून धरल्यालं. सगळ्या खड्ड्यात वल्या वाळ्याचा वास. मी एक मुळी दोन बोटात धरली, नखानं दाबली, तुटली. येवढीशी ती. आन टॅक्टर उभा केलता.

मी विचारलं, "पोरी, ह्यात थोरली मुळी कुठली गं?"

"थोरली नसतीच आजी. तंतुमुळं ही. सगळ्या सारख्याच."

भावजी मातीच्या भिताडावर तळहात टेकवून उभं व्हतं, देवळात खांबाला टेकत्यात तसं. बोललं, "वैनी, इतकी वर्सं मी वरनं कोरत व्हतो, आन हे खाली येवढं करत व्हतं."

मी वरनं हात दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हद्दीच्या जुन्या दगडापासनं दोरी लावली, पाच पावलं आत. आपल्या रानाची माती वढून बांध घातला. आन टोपी नीट करत मला म्हनलं, "तिकडनं वढ्याचं पाणी माझं रान खातंय वैनी. चार ठोंब द्या की."

"चार कशाला, चाळीस न्या."

आता शप्पथ घेतलीय, डोळं नवं हायत, म्हनून एक कबूल करते. मी डोकंबिकं काय चालवलं न्हवतं. विजयमालेनं पोतंभर ठोंब दिलं, परड्यात चार लावलं, उरल्यालं टाकवंना म्हनून बांधावर खुपसलं आन इसरून गेले. खाली जायाचं ते त्याचं त्योच गेला.

टॅक्टरची चाकं मातर खरंच उचललीती.