सहावी बरणी

मेहुणी भांडी न्यायला आली तेव्हा मी मुद्दाम दार उशिरा उघडलं. तीनदा बेल वाजली. मी खुर्चीत बसून मोजत होतो.

"मेलात की काय आत?" ती दारातूनच म्हणाली आणि जीभ चावली. आठ महिन्यांपूर्वी याच दारातून आम्ही माझ्या बायकोला, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीला, हॉस्पिटलात नेलं होतं. ती परत आली नाही. मेहुणीनं जीभ चावली, पण माफी मागितली नाही. आमच्यात ती रीत नाही.

दोघी बहिणी मिळून आमच्या स्वयंपाकघरातून डबे द्यायच्या. अकरा वर्षं. मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणी-चीज काही नाही. भाजी फवारा न मारलेलीच हवी, त्यासाठी एक ठरलेला मळेवाला. मग त्या भाजीचं जे काय व्हायचं ते : भाजलेलं वांगं तिळाच्या कुटात आणि लसणात घोटायचं, टोमॅटो पोखरून त्यात भात भरायचा, काबुली चणे मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचे, आणि सगळ्यावर ऑलिव्हचं तेल. भूमध्य समुद्राकाठचे लोक असं जेवतात आणि शंभरी गाठतात म्हणे. हे खूळ मेहुणीचं. कुठल्याशा वर्गाला गेली, तिथून शिकून आली आणि माझ्या बायकोच्या डोक्यात घातलं. बायको तेव्हा पन्नास वर्षांची होती. एकसष्टाव्या वर्षी गेली. शंभराला एकोणचाळीस कमी. मी जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले आहेत, असला फरक मला लगेच दिसतो.

हे मी मेहुणीला हॉस्पिटलच्या पायरीवर ऐकवलं होतं. तीही मागे राहिली नाही. "ताईच्या पोटात दुखत होतं तेव्हा गॅस झाला असेल म्हणत तीन आठवडे कुणी घालवले?" असं तिनं चार लोकांत विचारलं. त्यानंतर आम्ही जे काही बोललो ते भांड्यांवरूनच.

इतके महिने ती स्वतःच्या घरून डबे देत होती; आता तिला दुसरीकडे मोठं स्वयंपाकघर मिळालं होतं आणि ती आपलं सामान न्यायला आली होती. हातात यादी.

"दगडी खल."

"ने."

"पसरट कढई. एका बाजूनं जळलेली."

"तूच जाळलीस."

"म्हणूनच माझी. वांगी भाजायचा लांब चिमटा. मोठ्या तीन झाकण्या."

"दोन."

"तीन, भाऊजी. तिसरी तुम्ही कुंडीखाली ठेवलीय. मला खिडकीतून दिसली."

मी कुंडी उचलून झाकणी आणून दिली. तिनं माती माझ्याच फरशीवर झटकली. मग यादीची घडी केली आणि म्हणाली, "आणि बरणी."

मला वाटलंच होतं.

ही बरणी लिंबांची. जाड सालीची पिवळी लिंबं, मेण न चोळलेली, कारण खायची असते ती साल. लिंबाला वरून चार चिरा द्यायच्या, पण बुडाशी सुटू द्यायचं नाही. चिरांमध्ये मीठ दाबायचं, काचेच्या बरणीत लिंबं ठासून भरायची, वर लिंबाचाच रस. महिन्याभरात साल लोण्यासारखी मऊ होते. ती बारीक चिरून चण्यात घातली की चणे चणे राहत नाहीत. बायकोची एक पद्धत होती. नव्या बरणीत ती जुन्या बरणीचा वाटीभर खार ओतायची. अकरा वर्षांपूर्वीच्या पहिल्या बरणीचा खार असा पुढे पुढे येत राहिला होता. जायच्या आधी तिनं सहा बरण्या भरल्या. पाच मेहुणीनं डब्यांत संपवल्या. सहावी मी उचलून ठेवली.

"फुटली," मी म्हणालो.

"कधी?"

"झाले बरेच दिवस. हातातून सुटली."

"काचा?"

"काचा काय जपून ठेवू?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग खिडकीखाली ओट्याकडे पाहिलं. तिथं दगडावर एक पांढरं कडं असायचं, बरणीच्या तोंडाएवढं. त्यावरून मी बायकोला कितीदा बोललो असेन! दगड खराब होतोय, मीठ दगड खातं, जरा पुसत जा. ती नुसती मान हलवायची.

"कडं कुठं गेलं?" मेहुणीनं विचारलं.

"घासून काढलं. गेल्या महिन्यात."

"वा. घर स्वच्छ झालं एकदाचं." तिनं खल उचलला. "भाऊजी, मी पाचव्या बरणीचा खार घाईत चण्यांत ओतून बसले, सहावी आहे या भरवशावर. माझी चूक. त्यानंतर चार बरण्या घातल्या. नुसती खारट लिंबं. डबा घेणारे विचारतात, बाई बदलली का? मी काय सांगू त्यांना? तुमच्याकडून मला काहीही नको. तेवढा वाटीभर खार हवा होता."

"सांगितलं ना फुटली."

"तुम्ही तिचं जेवण अकरा वर्षं घासफूस म्हणत गिळलंत. बाहेर जाऊन कोंबडी खाऊन यायचात आणि लवंग चघळत घरात शिरायचात. तिला कळत नव्हतं वाटतं? तुम्हाला ती बरणी कशाला हवी होती हो? फोडायला?"

"चल, नीघ," मी म्हणालो.

तिनं दोन खेपांत सामान गाडीत नेलं. मी मदत केली नाही. खल जड होता, तरी नाही केली.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आल्यावर मी आतल्या खोलीत गेलो. बरणी कपाटात होती, बायकोच्या शालींच्या मागे. ठेवल्यापासून मी तिला हात लावला नव्हता. दर रविवारी कपाट उघडायचो, शाल बाजूला करून बघायचो आणि बंद करायचो. मुलगी परदेशात असते, तिनं आईचे कपडे देऊन टाका म्हणून चारदा फोन केला. मी म्हणायचो, देतो. कपडे गेले असते तर बरणी उघडी पडली असती.

बायकोनं शेवटचं जे केलं ते त्या बरणीत होतं. तिनं आपल्या अंगठ्यानं दाबलेली लिंबं. तिचे फोटो आहेत घरात, पण ते कुणीही काढलेले आहेत.

त्या दिवशी मी बरणी पहिल्यांदा उजेडात आणली. खार बोटभर खाली गेला होता. वरचं लिंबू उघडं पडलं होतं आणि खारावर पांढरी साय धरली होती. झाकणाच्या कडेला मिठाचे खडे.

मी बरणी टेबलावर ठेवली आणि समोर बसलो. काट्यात बिघाड असला तर मी तो उघडतो, दांडी जिच्यावर तोलते त्या सुरीची धार बघतो, गंज काढतो. इथं झाकण उघडायचीही माझी हिंमत झाली नाही. काय करायचं हे जिला माहीत होतं ती गेली. आणि दुसरी जिला माहीत होतं तिला मी पाच मिनिटांपूर्वी घालवून दिलं होतं.

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, मला लिंबातलं काय कळतं? मावशीला विचारा."

"तिला विचारणार नाही."

"मग टाकून द्या," मुलगी म्हणाली. तिला मी बरणी कुणाची ते सांगितलं नव्हतं.

मी मेहुणीला फोन केला.

"फुटली नाही," मी म्हणालो. "पण खराब झालीय."

 मग ती म्हणाली, "हात लावू नका," आणि फोन ठेवला.

वीस मिनिटांत आली. बेल वाजवलीच नाही, दारावर मूठ मारली. तिच्या हातात लिंबांची पिशवी होती. आल्या आल्या बरणी उचलून उजेडात धरली.

"कुठं ठेवली होतीत?"

"कपाटात."

"कपड्यांच्या?"

"हो."

"आणि उलटी कधी करत होता?"

"उलटी?"

तिनं बरणी खाली ठेवली. "भाऊजी, अकरा वर्षं रोज सकाळी तुम्ही समोर बसून चहा प्यायचात. ताई सगळ्या बरण्या उलट्या करायची. दुसऱ्या दिवशी परत सुलट्या. वरची लिंबं खारात बुडावीत म्हणून. ते कडं कसलं होतं वाटलं तुम्हाला? उलट्या बरणीतून झिरपलेला खार होता तो."

मी पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं. तिला काहीतरी हलवत राहायची सवय आहे, एवढंच मला वाटायचं.

"जपून ठेवली म्हणे," मेहुणी म्हणाली. "माणूस जपलात तशीच बरणी जपलीत. हात न लावता."

मी हात उचलला नाही, पण उचलावासा वाटला, हे लिहून ठेवतो.

"तुझ्या पाल्यापाचोळ्यानं तिच्या अंगात रक्त राहिलं नव्हतं," मी म्हणालो.

"डॉक्टरनं काय सांगितलं ते मीपण ऐकलं होतं. जेवणाचा काही संबंध नव्हता, आणि तीन आठवड्यांचाही फार नव्हता. तुम्हाला पटत नाही आणि मलाही पटत नाही. चमचा द्या. लाकडी. कोरडा."

मी चमचा दिला. तिनं झाकण उघडून वास घेतला. मीही नकळत पुढे झुकलो. तिनं मला कोपरानं मागे सारलं.

"साय आहे. बुरशी नाही. हिरवी-काळी लव असती तर सगळी बरणी ओतून दिली असती, तुम्ही कितीही बोंबललात तरी." तिनं साय काढून टाकली. वरचं लिंबू दाबून पाहिलं, ते लिबलिबीत झालं होतं. ते केरात गेलं. मी केराच्या डब्याकडे बघत राहिलो. "बघू नका तिकडे. खालची घट्ट आहेत. नऊ."

मग वाटणीवरून भांडण झालं. ती म्हणाली, खार सगळा माझा, लिंबं तुमची. मी म्हणालो, खार निम्मा. ती म्हणाली, तुम्ही काय करणार खाराचं, शालींवर शिंपडणार? मी आतून तराजू आणला. पितळी, दोन पारड्यांचा, माझ्या हातचा. तिच्या गाडीतून बरण्या आणल्या, एका मापाच्या, आणि दोन पारड्यांत ठेवल्या. चार लिंबं इकडे, चार तिकडे, आणि खार पळीपळीनं, काटा मधोमध येईपर्यंत.

"काटा तुमचा. खोटा असणार."

"पारडी बदल. इकडची तिकडे ठेव. काटा खोटा असेल तर लगेच कळेल."

तिनं खरंच बदलली. काटा मधोमध राहिला.  मला इतक्या महिन्यांत एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

तिनं ताजी लिंबं पिळून दोन्ही बरण्या काठोकाठ भरल्या. नववं लिंबू ओट्यावर उरलं.

"मोठी बहीण माझी," ती म्हणाली.

"बायको माझी."

"कापून निम्मं करू?"

"करून काय करायचं?"

तिनं सुरी घेतली, गर काढून टाकला आणि साल बारीक चिरायला लागली. "चणे असते तर घातले असते," ती पुटपुटली, आणि माझा फ्रिज उघडला. आत शिजवलेल्या चण्यांचं पातेलं होतं. ती पातेल्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कोंबडी कुठाय?"

"संपली."

खरं म्हणजे कोंबडी मी बायको गेल्यापासून खाल्ली नव्हती. दर दोन-तीन दिवसांनी चणे भिजवत होतो. ग्रॅमपर्यंत तोलून सगळं घालत होतो, तेल, लसूण, जिरं, टोमॅटो. होत होते ते चणेच. लिंबू घालायचं तर बरणी उघडावी लागली असती.

तिनं एक दाणा चाखला. "कच्चट आहेत. आच मोठी ठेवता तुम्ही." मग माझी कढई घेतली, तेल घातलं, लसूण चेचून टाकला, चणे ओतले आणि मंद आचेवर ठेवले. अर्धा तास आम्ही एकमेकांकडे पाठ करून उभे होतो. शेवटी तिनं साल घातली. वास आला. ती खिडकीकडे गेली आणि मी ताटल्या शोधत बसलो, त्या समोरच होत्या.

आम्ही जेवायला बसलो. मी ताटली संपवली आणि डाव उचलून पुन्हा वाढून घेतलं.

"मीठ जास्त झालंय," मी म्हणालो.

तिचा घास हातात राहिला. "ताईलापण हेच म्हणायचात ना?"

"मग. जास्तच असायचं."

"ती सांगायची मला. म्हणायची, दुसऱ्यांदा वाढून घेतात तेव्हाच म्हणतात."

मी खाली बघून जेवलो. ती तिची बरणी घेऊन निघाली तेव्हा दारापर्यंत गेलो, पण ये म्हणालो नाही. तीही येते म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आधी मी बरणी खिडकीखाली ओट्यावर उलटी ठेवली. झाकण मी चांगलं आवळलं होतं, तरी कडेनं थेंब आला आणि दगडावर पसरला. तेवढ्यात फोन वाजला.

"केली उलटी?" मेहुणी.

"केली."

"झिरपली?"

"थोडी."

"मग पुसा. मीठ दगड खातं."

"ओटा माझा आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला.