एकही ओळ कल्पित नाही

एलायस ऑर्डवेला खोटं खपत नसे. शिकागोच्या मासिकांत तेव्हा नव्या मताच्या लेखकांची चलती होती. डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं. माणूस म्हणजे बापाचं रक्त आणि भोवतालची वस्ती, त्यातून सुटका नाही, असं ते मत. ऑर्डवे त्यातला कट्टर. कत्तलखान्यांच्या वस्तीत तो मुद्दाम खोली घेऊन राहिला आणि समोरच्या खोलीतल्या बोझेनाला वर्षभर वहीत उतरवत बसला. मांसाचे डबे भरताना यंत्रात गेलेलं तिच्या करंगळीचं पेर, दारूत बुडून मेलेला बाप, रविवारी ती भाजायची ती खसखशीची गोड पोळी, सगळं जसंच्या तसं. फक्त नाव बदललं. गोष्ट छापून आली तेव्हा वर त्याने ऐटीत घालायला लावलं, 'यातली एकही ओळ कल्पित नाही.'

शेवट मात्र त्याने रचला होता. गोष्टीतली पोरगी बापासारखीच बाटलीला लागते आणि रस्त्यावर येते. त्या मताप्रमाणे तिचं दुसरं काही होणं शक्यच नव्हतं, म्हणून ऑर्डवेला ते खोटं वाटलंच नाही. शहाणी माणसं चुकतात ती अशी.

ईस्टरनंतर बोझेनाचं मातेय हाव्लिक नावाच्या सुताराशी लग्न व्हायचं होतं. मातेयच्या आईला शेजारच्या मास्तरणीने ती गोष्ट वाचून दाखवली. म्हातारीने पेर ओळखलं, बाप ओळखला, पोळीसुद्धा ओळखली. एवढं सगळं खरं, मग शेवट तेवढा खोटा कसा असेल? तिने लग्न मोडलं.

"तुम्ही चला आणि सांगा त्यांना," बोझेना ऑर्डवेच्या दारात उभी राहून म्हणाली. "शेवट खोटा आहे म्हणून. बाकी काही नको."

ऑर्डवे एकटाच गेला. म्हातारी बटाटे सोलत होती.

"शेवट मी मनाने लिहिला, बाई. बोझेना थेंबालाही शिवत नाही."

"आणि बाप दारुडा होता, ते?"

"ते खरं."

"बोटाचं?"

"खरं."

"सोमवारी कामाला दांडी मारून दुपारपर्यंत लोळत पडली होती, ते?"

"खरं, पण ताप होता तिला."

"ताप लिहिलाय?"

ताप त्याने गाळला होता.

"वा, लेखकसाहेब! तुम्हीच छापता एकही ओळ खोटी नाही, आणि पोरगी रडली की जीभ फिरवता. आता तुमचं कुठलं धरू?" तिचा आवाज मऊ झाला. "मला एकच मुलगा आहे हो."

"मातेय काय म्हणतो?"

"आईचं ऐकतो तो."

ऑर्डवे परतला तेव्हा बोझेना जिन्यातच बसली होती. त्याचं तोंड पाहूनच ती काय ते समजली.

"मासिक आणा तुमचं," ती म्हणाली. "मला कुठे वाचता येतं? अख्ख्या गल्लीला माझं पुढचं ठाऊक आहे, मलाच नाही. शेवटचं पान वाचा."

त्याने वाचलं. वाचताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

"काय केलं तिने, म्हणून हे असं झालं?"

"काही नाही. तिचा दोष नाहीच, तेच मला सांगायचं होतं. बापाचं रक्त, ही वस्ती..."

"मी वर्षभर तुमच्या समोर राहिले. एकदा तरी प्यायलेली दिसले?"

"नाही."

"मग दिसलं ते का नाही लिहिलंत?"

ऑर्डवेने मासिक मिटलं. जिन्यात कत्तलखान्याचा वास भरून राहिला होता.

"बरं, पुन्हा वाचा," बोझेना म्हणाली. "ती रस्त्यावर येते तिथपासून, जरा हळू. उद्या कारखान्यात बाया तोंडावर बोलतील. कशाला नाही म्हणायचं, ते तरी मला पाठ हवं."