पौर्णिमेचा मुहूर्त

नायगावच्या खाडीकाठी, हंसाकाकीच्या घरच्याच शेतात, भूमिपूजनाचा मांडव उभा होता. कोरोनात नोकरी गेलेला दीपेश बिल्डरच्या पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत होता. "काकी, इथं भराव पडून टॉवर आले, की गावाला काम मिळेल."

हंसाकाकीने कपाळाला हात लावला. खाडीकाठचा पोरगा, आणि मुहूर्त काढला पौर्णिमेच्या भरदुपारचा, ऐन उधाणाचा! ती तरातरा बांधावर गेली आणि खाडीचं पाणी अडवणारी फळी तिने उपसून काढली. पाणी मांडवात घुसलं. पाहुणे बूट हातात घेऊन पळाले.

"काकी, वेडी झालीस काय?" दीपेश ओरडला.

"पानी सोताच्या घरी आलंय. काम आन, पोरा, पन पान्याचं घर विकून नको. उद्या ते तुझ्या घरात शिरेल, तेव्हा फळी कुनाच्याच हातात नसेल."